डबीतल्या तुकड्याचं पुढे काय होतं?

पोट-आतड्याची बायोप्सी आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये घेऊन येणाऱ्यांसाठी

काउंटरवर डबी ठेवताना बरेच जण ती आधी उजेडात धरतात आणि विचारतात, "यात आहे ना काही?" आहे. तळाशी मोहरीएवढे पांढुरके दोन-चार कण दिसतील, तेच. दुर्बिणीच्या चिमट्याने काढलेला तुकडा दोन-तीन मिलिमीटरचाच असतो. त्यावरून आम्ही पानभर रिपोर्ट कसा लिहितो, आणि कधीकधी "पुन्हा तुकडा पाठवा" असं का कळवतो, ते सांगायला हे पत्रक काढलं आहे.

अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंत पचनमार्गाची भिंत चार थरांची असते. सगळ्यात आत, अन्नाला लागून, ओलसर अस्तर. रिपोर्टमध्ये त्याला म्यूकोसा म्हणतात. त्याखाली रक्तवाहिन्या असलेला सैलसर थर, सबम्यूकोसा. मग अन्न पुढे ढकलणारे जाड स्नायू आणि शेवटी बाहेरचं पातळ वेष्टण. अस्तराच्या तळाशी स्नायूची एक अगदी बारीक पट्टी असते, मस्क्युलॅरिस म्यूकोसी. नाव विसरलात तरी चालेल, पट्टी मात्र ध्यानात ठेवा. चिमटा साधारण या पट्टीपर्यंतच पोचतो, खालचं थोडंफार आलं तर आलं. थोडक्यात, बायोप्सीत आम्ही भिंतीचा गिलावा तपासतो. विटा कशा आहेत ते त्यावरून दर वेळी सांगता येत नाही.

रिपोर्टला इतके दिवस का?

डबीतलं ते पाणी नसतं, १० टक्के फॉर्मेलिन असतं. तुकड्याच्या निदान दहापट तरी ते हवं. शरीरातून निघाल्याबरोबर पेशी आपल्याच रसांनी विरघळू लागतात, ते फॉर्मेलिन थांबवतं. मागे एसटी पार्सलने एक डबी आली, ती सलाइनमध्ये. वाटेत दीड दिवस गेला होता. काचेखाली पाहिलं तर वरच्या पेशी सुटून तरंगत होत्या, खाली नुसता सांगाडा. त्या आजोबांना पुन्हा उपाशी राहून दुर्बीण घालून घ्यावी लागली. म्हणून निघण्यापूर्वी डबीत काय घातलंय ते विचारा. डबी फ्रीजरमध्ये ठेवू नका.

आमच्याकडे आल्यावर तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढतात, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. पुढचं काम हाताचं. आमच्या टेक्निशियन ताई भिंगाखाली तो कण चिमट्याने पकडून मेणात कडेवर उभा करतात. आडवा पडला तर काप तिरपा येतो आणि चांगली आतडीसुद्धा आजारी दिसतात. मग तीन-चार मायक्रॉनचे काप. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. मेणाची ही पट्टी कोमट पाण्यावर दुधाच्या सायीसारखी पसरते, खालून काच घालून ती अलगद उचलायची. नंतर दोन रंग. हिमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतं, इओसिन बाकी सगळं गुलाबी.

मग दिसतं काय?

अन्ननलिकेचं काम फक्त अन्न खाली नेण्याचं. तिचं अस्तर कातडीसारखं, चपट्या पेशींच्या थरांवर थर. कडक भाकरीचा तुकडा घासत गेला तर वरच्या पेशी झडतात, खालून नव्या येतात. जठराच्या तोंडाशी हे थर एकदम संपतात आणि उभ्या पेशींची एकेरी रांग सुरू होते. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की ही रांग अन्ननलिकेत सरकते. तिच्यात आतड्यातल्या सुरईसारख्या, चिकट स्राव भरलेल्या पेशी दिसल्या की रिपोर्टमध्ये ‘बॅरेट’ हा शब्द येतो. तो कॅन्सर नव्हे, पण डॉक्टरांना दाखवायचाच.

जठराच्या अस्तरात खड्डे आणि त्यांच्या तळाशी ग्रंथी. त्यांतल्या गुलाबी, गोलसर पेशी आम्ल बनवतात आणि ब-१२ शोषायला लागणारा घटकही. शेजारच्या निळसर पेशी प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनचा कच्चा माल बनवतात. इथे आम्ही सगळ्यात आधी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराला सूज आणणारा जंतू शोधतो. जठरातल्या आम्लात जंतू टिकत नाहीत असं बहुतेकांनी धरलं होतं. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन या पॅथॉलॉजिस्टला बायोप्सीवर हे वाकडे जंतू दिसले. त्यांचे सहकारी डॉक्टर बॅरी मार्शल यांनी पुढे १९८४ मध्ये ते स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. आमच्या धंद्यातल्या माणसाने नुसतं नीट बघून केलेलं काम, म्हणून जरा कौतुकाने सांगतोय! हे जंतू वरच्या चिकट थरात असतात, जिमसा रंगात स्पष्ट दिसतात. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी ते कमी होतात आणि नजरेतून सुटू शकतात. गोळ्या चालू असतील तर फॉर्मवर लिहाच.

लहान आतडं पाहायला आम्हाला सगळ्यात आवडतं. काप नीट उभा आला तर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीची बोटं ओळीने उभी दिसतात. हे व्हिलाय. बोटांच्या मधे खोल खाचा, आणि खाचांच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात. तिथून त्या वर सरकत चार-पाच दिवसांत टोकाला पोचतात आणि गळून पडतात. गेल्या रविवारचं मटण ज्या पेशींनी पचवलं, त्या आज तुमच्यात नाहीत. आतडं उलगडलं तर टेनिस कोर्टाएवढं होतं, असं वाचलं असेल. २०१४ मध्ये नव्याने मोजलं तेव्हा ते सुमारे ३० चौरस मीटर निघालं, म्हणजे मुंबईतली एक वन-आरके.

सीलिअॅक या आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे हीच बोटं झिजतात. आधी अस्तरात पांढऱ्या पेशी घुसतात. दर १०० अस्तरपेशींमागे त्या २५ हून जास्त दिसल्या की आम्ही सावध होतो. मग बोटं आखूड होतात आणि शेवटी जमीन सपाट. पण सपाट बोटं म्हणजे सीलिअॅकच, असं नाही. जंतुसंसर्गानेही तसं होतं, म्हणून टीटीजी या अँटिबॉडीची रक्ततपासणी जोडीने लागते. आणि एक विनंती. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकून तपासणीच्या आधीच पोळी बंद करू नका. गहू सोडला की बोटं पुन्हा वाढू लागतात आणि आम्हाला काहीच सापडत नाही. ज्वारी-बाजरी-नाचणी आहेच, ती निदानानंतर.

मोठ्या आतड्यात बोटं नाहीत. तिथे परीक्षानळ्या स्टँडला लावल्यासारख्या सरळ ग्रंथी. त्या वेड्यावाकड्या झाल्या की आजार जुना आहे हे कळतं. पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, आला तर आम्ही अस्तराच्या तळाची ती बारीक स्नायूपट्टी शोधतो. मोठ्या आतड्यात बिघडलेल्या पेशी पट्टीच्या वरच असतील तर तो पसरणारा कॅन्सर धरत नाहीत. पट्टी ओलांडून खाली गेल्या की धरतात. म्हणून पॉलिप देठासकट हवा.

आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हा आतड्याला जुनाट सूज आणणारा आजार, यांची गत अवघड. दोन्हींत पेशींच्या गाठी, ग्रॅन्युलोमा दिसतात, आणि त्या बऱ्याचदा चिमटा पोचत नाही अशा थरात असतात. उपचार मात्र अगदी उलटे. तेव्हा "ग्रॅन्युलोमा दिसला नाही" असं आम्ही लिहिलं तर त्याचा अर्थ तुमच्या तुकड्यात नाही, एवढाच घ्या.

तान्ह्या बाळाला शी होत नाही म्हणून गुदाशयाचा तुकडा येतो, तेव्हा नुसतं अस्तर उपयोगाचं नसतं. आम्ही शोधतो त्या मज्जातंतूंच्या पेशी सबम्यूकोसात असतात. तो थर आला नसेल तर तुकडा पुन्हा मागतो. त्या आईवडिलांना फोन करणं आम्हालाही जड जातं, पण अंदाजाने लिहिता येत नाही.

दुसरीकडे मत घ्यायचं असेल तर मेणाचा ब्लॉक आणि काचा मागून घ्या, संकोच नको. फक्त ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.