ईस्टरची तारीख आणि एकोणीस वर्षांचा चंद्र

इ. स. १५५च्या सुमारास स्मुर्णा शहराचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचे, वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले. तिथले बिशप आनिसेटस यांच्याशी बोलण्याच्या विषयांत एक होता तारखेचा. आशिया मायनरमधले ख्रिस्ती लोक पास्खाचा, म्हणजेच ईस्टरचा, सण ज्यूंच्या चांद्र पंचांगातल्या निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी पाळत, मग वार कोणताही येवो. रोमची मंडळी हा दिवस पाळत नव्हती. त्यांच्या लेखी येशू मरणातून उठला तो रविवार मोठा. पॉलिकार्प म्हणाले, आम्ही हे येशूचा शिष्य प्रेषित योहान याच्याकडून घेतलं. आनिसेटस म्हणाले, आम्हीही आमच्या आधीच्या वडीलधाऱ्यांचंच पाळतो. कोणीच मागे सरलं नाही. तरी आनिसेटस यांनी आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी पॉलिकार्प यांच्या हाती सोपवला आणि दोघांनी सलोख्याने निरोप घेतला. या साऱ्या इतिहासात मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

सुमारे ३५ वर्षांनी रोमचे बिशप व्हिक्टर आशिया मायनरमधल्या मंडळ्यांशी संबंध तोडायला निघाले, तेव्हा आजच्या फ्रान्समधल्या लियाँचे बिशप इरेनियस यांनी त्यांना याच भेटीची आठवण दिली. इरेनियस स्वतः रविवार पाळणारे, पण लहानपणी त्यांनी पॉलिकार्पना ऐकलं होतं. सणाआधी कोणी एक दिवस उपास करतो, कोणी दोन, कोणी चाळीस तास. उपासातला हा फरक आपली श्रद्धा एकच असल्याची खूण आहे, असं त्यांनी कळवलं.

तारखेचं मूळ दुखणं मात्र आकाशातलं. सण चंद्राला बांधलेला, ऋतू सूर्याला. बारा चांद्रमासांचे दिवस भरतात ३५४, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. अधिक महिना पाळणाऱ्यांना हे नवीन नाही. ३२५ साली निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण करावा, ज्यूंच्या पंचांगावर विसंबू नये, असं ठरवलं. त्यात ज्यूंविषयीचा कडवटपणाही होता. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या पत्रात तो उघड दिसतो.

मग गणित कोणाचं? खगोलशास्त्रात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा हात धरणारं शहर नव्हतं. तिथला हिशेब १९ वर्षांच्या चक्रावर चाले. १९ सौरवर्षं आणि २३५ चांद्रमास यांत फरक पडतो जेमतेम दोन तासांचा. २३५ म्हणजे १९ वेळा १२ आणि वर ७; हे सात अधिक महिने आपल्याही पंचांगात येतात. २००४ साली अधिक श्रावण होता, तो २०२३मध्ये पुन्हा आला, तो याच मेळामुळे. अलेक्झांड्रियाचे बिशप दरवर्षी पत्र पाठवून सणाची तारीख कळवत.

रोम मात्र बराच काळ ८४ वर्षांच्या चक्राला धरून होतं, त्यामुळे तारखा अधूनमधून फुटत. ५२५ साली डायोनिसियस एक्झिगुअस या रोममधल्या संन्याशाने अलेक्झांड्रियाची कोष्टकं लॅटिनमध्ये आणून पुढे वाढवली. जुन्या कोष्टकांत वर्षं मोजली जात ती सम्राट डायोक्लेशियनपासून. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याची आठवण सणाच्या कोष्टकात नको, म्हणून त्याने येशूच्या जन्मापासून वर्षं मोजायला घेतली. या लेखाच्या पहिल्या ओळीतलं ‘इ. स.’ तिथून आलं आहे.