औषधलेपित स्टेंट

औषधलेपित स्टेंट : हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी अरुंद झाली असता तिच्यात बसवली जाणारी, औषधाचा लेप दिलेली बारीक जाळीदार धातूची नळी. ती फुग्यावर घट्ट बसवून मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून आत नेतात; फुगा फुगवला की ती उलगडून भिंतीला टेकते आणि कायमची तिथेच राहते.

हृद्रोहिणीतील पहिल्या स्टेंटचे श्रेय कोणाचे, याविषयी एकवाक्यता नाही. झाक प्युएल यांनी मार्च १९८६ मध्ये तुलूझ येथे व उलरिख सिगवार्ट यांनी त्याच वर्षी लोझान येथे तो बसवला. मात्र १९८७ च्या संयुक्त शोधनिबंधात सिगवार्ट यांचे नाव आरंभी असल्याने अनेक ग्रंथ त्यांनाच मान देतात. तारखा पाहता प्युएल यांचा अग्रक्रम अधिक सयुक्तिक वाटतो. सिरोलिमसचा लेप असलेला स्टेंट १९९९ च्या अखेरीस साओ पाउलो येथे एदुआर्दो सौझा यांनी प्रथम वापरला, असे सामान्यतः मानले जाते. हे औषध ईस्टर बेटावरील मातीतल्या जीवाणूपासून मिळाले. त्याच्या संशोधनात भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल यांचा वाटा मोठा आहे.

औषध नसलेल्या साध्या स्टेंटमध्ये भिंतीतील स्नायुपेशी वाढून रोहिणी पुन्हा अरुंद होई. सिरोलिमस ही वाढ रोखते. पण नळीवर अंतःस्तर (रोहिणीच्या आतील बाजूचे पेशींचे पातळ अस्तर) चढण्याची क्रियाही त्यामुळे मंदावते आणि उघड्या धातूवर उशिरा गुठळी होण्याचा धोका राहतो. २००६ च्या सुमारास यावर मोठी चर्चा झाली. पुढील स्टेंटच्या तारांची जाडी सुमारे १४० मायक्रोमीटरवरून ८० च्या आसपास आली आणि काहींचा बहुवारिक (पॉलिमरचा) लेप विरघळणारा झाला. रक्तातील अंतःस्तर-पूर्वज पेशी (ज्यांपासून अंतःस्तर बनतो त्या) पकडणारी प्रतिपिंडे लावलेले स्टेंटही निघाले; परंतु केवळ प्रतिपिंडांवर विसंबलेल्या स्टेंटमध्ये पुनःसंकोच (रोहिणी पुन्हा अरुंद होणे) औषधलेपितांपेक्षा अधिक आढळला. रोहिणीच्या भिंतीची जखम भरण्यास, म्हणजे अंतःस्तर चढण्यास, मदत करणारा स्टेंट म्हणून आज तरी पातळ तारांचा औषधलेपित स्टेंटच भरवशाचा म्हणावा लागतो.

अंतःस्तर पूर्ण होईपर्यंत गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी, बहुधा ६ ते १२ महिने, एकत्र घ्यावी लागते. नाशिकमध्ये शालिमार येथील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयविकारावर शासकीय उपचार मिळतात. जिल्ह्यातील पेठ-सुरगाणा तालुक्यांकडच्या रुग्णाच्या बाबतीत खरी अडचण घरी परतल्यावर येते : दात काढायचा म्हणून किंवा पुडी संपली म्हणून ‘रक्त पातळ करायची गोळी’ परस्पर बंद होते, आणि पहिल्या काही महिन्यांत तेच सर्वांत घातक ठरते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर स्टेंट बसवल्याची तारीख व दोन्ही गोळ्यांची मुदत ठळक लिहिलेली असणे अत्यावश्यक आहे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली व बिलात त्याचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक स्वतंत्रपणे दाखवणे बंधनकारक केले.