गिऱ्हाचा उजेड की नॉक्टिल्युका?

थंडीत रात्री लाटेवर निळा उजेड दिसला की आमच्याकडे अजून म्हणतात, गिऱ्हा आलाय, म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत. मीपण बारावीपर्यंत मानायचो, खोटं कशाला बोलू. मग एकदा रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर धीर करून बादलीभर पाणी काढलं, आत हात फिरवला तर बोटांमागे निळी रेघ, हात थांबला की काळोख. भूत बादलीत मावतं होय! तो नॉक्टिल्युका, एकपेशीय जीव, मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक, पाणी ढवळलं की त्याच्यातल्या ल्युसिफेरिन-ल्युसिफेरेज या रसायनांची रिअ‍ॅक्शन होऊन क्षणभर चमकतो, म्हणून तर लाट फुटते तिथेच उजेड दिसतो. आजीला बादली दाखवली. बराच वेळ हात बुडवून बसली, मग म्हणाली, "गिऱ्हा नाही तर नाही, पण रात्रीचा पाण्यात उतरू नको हां."