जनुकीय अभियांत्रिकी

सजीवाच्या पेशीतील डीएनएमध्ये ठरवून बदल करण्याचे तंत्र. यात एका जीवाचे जनुक दुसऱ्यात बसवता येते किंवा आहे तेच जनुक बदलता वा बंद करता येते. निवड आणि संकर माणूस हजारो वर्षे करत आला. पण संकर जुळतो तो नात्यातल्या जातींतच. इथे जिवाणूचे जनुक कपाशीत जाते आणि माणसाचे जिवाणूत. जळगावकडची ऊतिसंवर्धित केळीची रोपेही अनेकांना ‘जनुक बदललेली’ वाटतात. तसे नाही. ती मूळ झाडाचीच रोपे असतात, फक्त प्रयोगशाळेत वाढवलेली.

१९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी या तंत्राचा पाया घातला. डीएनए ठरावीक जागी कापणारी विकरे (एन्झाइम), तुकडे सांधणारी विकरे आणि प्लाझ्मिड हे जिवाणूतील डीएनएचे छोटे कडे, एवढी त्याची मूळ सामग्री. कड्यात परके जनुक सांधून ते जिवाणूत सोडले की जिवाणूंबरोबर त्या जनुकाच्या प्रतीही वाढत जातात. अशा रीतीने तयार केलेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याआधी ते गुराडुकरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे.

खानदेशातल्या शेतांत हे तंत्र पोचले ते सरकीतून. मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कपाशीला मान्यता दिली. बॅसिलस थुरिंजेन्सिस या मातीतल्या जिवाणूचे क्राय१एसी हे जनुक तिच्यात आहे. अळीने बोंड कुरतडले की त्या जनुकामुळे बनलेले प्रथिन तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात विरघळते, आतड्याच्या भिंतीला चिकटून तिला भोके पाडते आणि अळी मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि प्रथिन चिकटावे अशी जागाही आपल्या आतड्यात नसते, म्हणून ते आपल्याला बाधत नाही. २००६ मध्ये क्राय२एबी या दुसऱ्या जनुकाची जोड मिळाली. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, हा लाभ नाकारता येणार नाही.

घात केला गुलाबी बोंडअळीने. तिची पहिली खूण म्हणजे डोमकळी. फूल पुरते उमलत नाही, पाकळ्या मुरडून मिटलेल्या राहतात; उघडून पाहिले की आत बारीक अळी. पुढे ती बोंडात शिरून सरकी खाते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते, फोडले की एखाद्या कप्प्यातला कापूस पिवळा पडून चिकटलेला निघतो. त्याची कवडी, म्हणजे घट्ट गोळा, होते आणि वेचणाऱ्या बाईच्या हातात धड काही येत नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर हेच घडले. दोन्ही प्रथिने पचवणारी अळी तयार झाली होती.

हे अटळ नव्हते. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे मिळे. ते कडेने लावले की तिथे वाढलेल्या, विषाला न सरावलेल्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर व्हावा आणि अळीतला प्रतिकार लांबणीवर पडावा, असा हेतू. बहुतेकांनी ते लावलेच नाही. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण दोन-चार एकरवाल्याने कडेच्या ओळी अळीसाठी सोडाव्यात ही अपेक्षाच शेतीच्या गणिताशी जुळणारी नव्हती. त्यातच ठिबकवर मे महिन्यात लावलेली पूर्वहंगामी कपाशी आणि मुख्य वेचणीनंतर राखलेली फरदड, यांमुळे अळीला जवळजवळ वर्षभर अन्न मिळाले. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावणे, फरदड न घेणे, पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडे) बांधावर रचून न ठेवणे हे उपाय साधेच आहेत, मात्र ते साऱ्या शिवाराने मिळून केले तरच उपयोग.

तणनाशक सहन करणारी एचटीबीटी कपाशी भारतात मान्य नाही, तरीही तिचे बियाणे चोरून विकले जाते. पाकिटात नेमके काय आहे हे कळायला मार्ग नसतो आणि पीक फसले तर दाद मागायची सोय नाही. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० पासून स्थगिती आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परागकण वाऱ्या-कीटकांबरोबर दुसऱ्या शेतात जातात, म्हणून अशा स्थानिक वाणांची शुद्धता हा प्रश्न दुर्लक्षण्याजोगा नाही.

वैद्यकात या तंत्राची वाट सातपुड्यापर्यंत येते. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जिवघेण्या वेदना होतात. क्रिस्पर या जनुकसंपादन पद्धतीवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये मान्यता मिळाली, तो हा आजार आणि थॅलेसेमिया यांसाठी. त्यात बिघडलेले अक्षर दुरुस्त होत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर थांबवणारी कळ निकामी केली जाते आणि ते पुन्हा तयार होऊ लागते. त्यासाठी रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) काढून, बदलून परत द्याव्या लागतात. त्याआधी कडक केमोथेरपीही घ्यावी लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आज आधार आहे तो रक्ततपासणीचा, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांचा आणि गरज पडली तर वेळेवर मिळणाऱ्या रक्ताच्या पिशवीचा.