देसा : इंडोनेशियातील खेडे

देसा हे इंडोनेशियातील खेड्याचे आणि तिथल्या शासनव्यवस्थेतील सर्वांत खालच्या स्वायत्त घटकाचे नाव आहे. प्रांत, जिल्हा (काबुपातेन), साधारण तालुक्याएवढा कचमातान आणि त्याखाली देसा अशी ही उतरंड आहे. देशात सुमारे ७५ हजार देसा आहेत. शहरातील समकक्ष घटक कलुराहान; त्याचा प्रमुख सरकारने नेमलेला असतो. देसाचा प्रमुख, म्हणजे ‘कपाला देसा’, मात्र गावकरी मतदानाने निवडतात. (‘कपाला’ म्हणजे डोके. शब्द संस्कृत ‘कपाल’वरून आला आहे.) त्याची मुदत २०२४ च्या दुरुस्तीने सहावरून आठ वर्षांवर नेण्यात आली. देसामध्ये वाड्या (दुसुन) असतात आणि त्याखाली शेजारगट (रुकुन ततांग्गा) असतात. शेजारगटांची ही रचना जपानी अंमलात, १९४४ मध्ये, जावात प्रथम लागू झाली.

*शब्द व उगम.* ‘देसा’ हा शब्द संस्कृत ‘देश’वरून आला याबद्दल दुमत नाही, तो खेड्यासाठी केव्हा रूढ झाला, हा खरा प्रश्न आहे. जावातील नवव्या-दहाव्या शतकांतील कोरीव लेखांत खेड्याला ‘वनुआ’ म्हटलेले आढळते आणि गावातील वडीलधाऱ्यांना ‘राम’. (या ‘राम’चा रामायणाशी संबंध नाही, जावानीज भाषेत त्याचा अर्थ ‘बाप’ असा आहे.) करमुक्त करून देवस्थानाकडे लावून दिलेल्या जमिनीला ‘सीमा’ म्हणत. जावातील मजपहित राज्याचे वर्णन करणाऱ्या १३६५ च्या काव्याला प्रपंच या कवीने ‘देशवर्णन’ असे नाव दिले. तिथे ‘देश’चा रोख एकेका खेड्यापेक्षा मुलुखावर अधिक दिसतो, आपल्याकडे घाटावरच्या प्रदेशाला देश म्हणतात, साधारण त्याच अर्थाने. मुलखाचा हा शब्द गावापुरता आकसला तो बहुधा मजपहितच्या पडत्या काळानंतर, आणि तोही हळूहळू.

शब्दापेक्षा संस्थेच्या उगमाचा वाद मोठा आहे. एरवी डचांची वसाहत असलेले जावा १८११ ते १८१६ या काळात इंग्रजांच्या ताब्यात होते. लेफ्टनंट गव्हर्नर टॉमस स्टॅम्फर्ड रॅफल्स याने जमीन राजाच्या मालकीची मानून शेतसारा बसवला; आधी गाववार आणि १८१४ पासून रयतवार. ही कल्पना सरळ हिंदुस्थानातून नेलेली होती. म्हैसूरची मोजणी करणारा कॉलिन मॅकेंझीच तिथल्या जमीन-चौकशीचा प्रमुख होता. रॅफल्सचा सल्लागार मुंटिंगे याने १८१७ च्या सुमारास जावाचे खेडे म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे छोटे प्रजासत्ताक असल्याचे चित्र मांडले. एल्फिन्स्टनने दख्खनच्या गावांबद्दल १८१९ च्या अहवालात जवळपास हेच लिहिले, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे. दोन्हीकडे नव्या राज्यकर्त्यांना सारा वसूल करण्यासाठी गाव हा एक अखंड, जबाबदार पक्षकार हवा होता.

डच विद्वानांनी हे चित्र शंभर वर्षे जपले. यान ब्रेमान (गुजरातच्या शेतमजुरांवरील कामामुळे आपल्याकडे परिचित) याने ते १९८० च्या सुमारास मोडीत काढले. त्याच्या मते वसाहतपूर्व जावात सत्ता जमिनीवर नव्हे, माणसांवर मोजली जाई. ‘चाचाह’ म्हणजे कुटुंबांची मोजदाद, आणि सरदाराचे बळ त्याच्यामागच्या चाचाहवरून ठरे. आखलेल्या सीमांचा, सामाईक मालकीचा देसा एकोणिसाव्या शतकात कारभाराच्या सोयीसाठी घडवला गेला. इतर अभ्यासक जुन्या ‘सिकप’ वर्गाकडे बोट दाखवतात: जमीन कसणारी, सारा भरणारी मूळ कुटुंबे आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे ‘नुम्पांग’. गावाला आतून आकार होता, असे त्यांचे म्हणणे. प्रस्तुत नोंदीत सीमा व सामाईक मालकी यांबाबत ब्रेमानचे म्हणणे अधिक पटणारे मानले आहे. पाटाच्या पाण्याची वाटणी आणि शेजारधर्म ह्या गोष्टी मात्र त्याहून जुन्या असाव्यात.

सामाईक जमिनीचे कोडे याच संदर्भात सुटते. १८३० पासून डच गव्हर्नर-जनरल फान डेन बॉसच्या सक्तीच्या लागवड पद्धतीत गावाने सुमारे पाचवा हिस्सा जमीन ऊस, नीळ यांसारख्या निर्यातीच्या पिकांना द्यायची होती. ज्याच्याकडे जमीन, त्याच्यावर वेठ. तेव्हा वेठ वाटून घेण्यासाठी अनेक गावांनी जमीनच वाटून घेतली आणि ठरावीक काळाने फेरवाटणी सुरू झाली. पुढच्यांनी तिला प्राचीन समाजवाद म्हटले. मुळात ती ओझ्याची वाटणी होती.

*जमीन व मालकी.* भाताची खाचरे (सावाह), जिरायत (तगालान) आणि घराभोवतीचे परसू (पकारांगान) असे जमिनीचे तीन प्रकार. परसात नारळ, केळी, फणस, कसावा ही पिके एकमेकांच्या सावलीत लावलेली असतात. ओसाड ठरलेली जमीन सरकारी मानणारा १८७० चा डच कायदा आणि रूढीने चालत आलेला हक्क यांची दीर्घ झुंज झाली. डच कायदेपंडित फान फोलेनहोफेन याने समूहाच्या हक्काची बाजू विद्वत्तेने लढवली. आजचा पाया म्हणजे २४ सप्टेंबर १९६० चा मूलभूत जमीन कायदा. त्यानुसार पूर्ण मालकी (हाक मिलिक) फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाला ठरावीक मुदतीचा वापरहक्क (हाक पाकाई) घेता येतो. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन पैसा आपण घालायचा, ही पर्यटनस्थळी सर्रास सुचवली जाणारी वाट कायद्याने रद्दबातल आहे, आणि तिच्यात लोकांनी आयुष्याची पुंजी घालवली आहे. शेतजमिनीचा मालक त्याच कचमातानात राहणारा असावा, असाही नियम आहे. धारणेची कमाल मर्यादा अतिदाट वस्तीच्या भागात ५ हेक्टर भातजमीन इतकी ठरली. तिची अंमलबजावणी मात्र कम्युनिस्टांच्या १९६५ च्या हत्याकांडानंतर थंडावली.

व्यवहारात दोन दफ्तरे समोरासमोर येतात. देसाच्या कचेरीत ‘लेटर सी’ नावाची जाडजूड वही असते, आपल्या आठ-अ च्या खातेउताऱ्यासारखी. खातेदाराच्या नावाखाली ओळीने तुकडे लिहिलेले असतात. भातजमिनीसमोर सावाहचा ‘स’, कोरडवाहूसमोर दारातचा ‘द’, मग प्रत आणि क्षेत्र. आणि विक्री किंवा वारसा झाला, की जुनी ओळ खोडून शेजारी कारण नोंदतात. या वहीवरून मिळणारा कागद म्हणजे गिरिक. तो सारा भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. मालकी सिद्ध होते ती जमीन कार्यालयाच्या सर्टिफिकेटाने. २०२१ च्या नियमाने अशा जुन्या कागदांवरून नोंदणी करून घेण्यास पाच वर्षांची मुदत दिली. गावात जमीन पाहताना वही आणि सर्टिफिकेट दोन्ही ताडून पाहणे म्हणूनच अटळ ठरते.

गावप्रमुखाला पगाराऐवजी कसायला मिळणारी ‘बंकोक’ जमीन आपल्या पाटीलकीच्या इनामाची आठवण देते. फरक इतकाच, की ती पदासोबत जाते, घराण्यात राहत नाही. बटाईत ‘मारो’ म्हणजे अर्धा वाटा आणि ‘मर्तलू’ म्हणजे तिसरा. कापणी करणाऱ्यांना पिकातूनच मिळणाऱ्या मजुरीला ‘बावोन’ म्हणतात.

*लोकजीवन.* कष्टाच्या सामूहिक देवघेवीला ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. सुकार्नो यांनी १ जून १९४५ च्या भाषणात पंचशीलाचे (म्हणजे इंडोनेशियाच्या पाच राष्ट्रीय तत्त्वांचे) सार याच शब्दात सांगितले, तेव्हापासून तो राष्ट्रीय आदर्श ठरला. कधीकधी फुकट श्रम काढून घेण्याचे साधनही. त्याचे जिवंत रूप रात्रीच्या गस्तीत दिसते. पाळीवर आलेले चार-पाच जण चौकीत जमतात. तिथे पोकळ ओंडक्याचे ‘कन्तोंगान’ टांगलेले असते आणि धोका असला, की त्यावर न थांबता ठोके पडतात. गल्लीत प्रत्येक दाराशी एक लहान डबी असते. घरची बाई तीत चिमूटभर तांदूळ (जिम्पितान) टाकून ठेवते, गस्तवाले तो गोळा करतात. अलीकडे तांदळाच्या जागी नाणे असते. जन्म, लग्न, मृत्यू, नवे घर या प्रसंगी शेजाऱ्यांना जेवण घालण्याची ‘स्लामतान’ ही रीत आहे. बाजार जुन्या पाच दिवसांच्या आठवड्याने भरतो: लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. त्यामुळे तो दर वेळी निराळ्या वारी येतो.

वरील बहुतेक वर्णन जावाचे आहे. बालीत सरकारी गाव व रूढीचे गाव (देसा आदात) ही दोन वेगळी असतात आणि पाण्याचा कारभार ‘सुबक’ संस्था पाहते. तिच्या परिसराला २०१२ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. पश्चिम सुमात्रात गावाला ‘नगारी’ म्हणतात आणि वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. १९७९ च्या कायद्याने देशभर एकाच साच्याचा देसा लादला, तेव्हा नगारीचे तुकडे झाले. २००० नंतर ती पुन्हा उभी राहिली. २०१४ च्या कायद्याने रूढीच्या गावांना मान्यता दिली, आणि २०१५ पासून केंद्राचा निधी देसाला मिळू लागला.

*प्रवास.* बाहेरच्या जगाशी गाव मुख्यतः मोटारसायकलने जोडलेले असते. भाड्याची मोटारसायकल म्हणजे ‘ओजेक’. ईदला शहरातली माणसे गावी परततात, त्याला ‘मुदिक’ म्हणतात. भारतीय पासपोर्टवर विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो एकदा वाढवता येतो. अनेक गावांच्या वेशीवर ‘पाहुण्याने २४ तासांत शेजारगटाच्या प्रमुखाकडे वर्दी द्यावी’ अशी पाटी असते. ती मनावर घ्यावी. गावात वावरण्याची वाट तिथूनच मोकळी होते. पर्यटनासाठी पुढे आलेल्या गावांत योग्याकर्ताजवळचे न्ग्लांगरान व बालीतील पंग्लिपुरान प्रसिद्ध आहेत. फ्लोरेस बेटावरील वाए रबो येथे मोटार जात नाही. देंगे गावाच्या बाजूने जंगलातून दोन-तीन तास चढावे लागते. वर शंकूच्या आकाराची, जमिनीपर्यंत शाकारलेली सात घरे अर्धवर्तुळात उभी आहेत. पाहुण्याला आधी मुख्य घरात नेतात, वडीलधारे पूर्वजांना त्याच्या येण्याची वर्दी देतात, आणि तो विधी होईपर्यंत फोटो काढायचे नसतात.