बट्टा लागलेला रुपया

जळगावच्या सराफ बाजारातील एका दुकानात, दिवाळीची गर्दी सुरू होण्यापूर्वीच्या एका निवांत दुपारी, मी आजीचा चांदीचा रुपया काट्यावर ठेवला आणि काट्याने ११.३१ ग्रॅम असा आकडा दाखवला. पंचम जॉर्जच्या छापाचा हा रुपया १९१९ सालचा आहे. टाकसाळीतून बाहेर पडताना त्याचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमके एक तोळा, होते. सराफांनी तो दोन बोटांत फिरवून पाहिला, "घासलेला आहे, दादा, चांदीच्या भावातच जाईल," असे सांगितले आणि त्याच राजाचा एक नवाकोरा रुपया, प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद केलेला, माझ्यासमोर ठेवला. तो देखणा होता, यात शंका नाही. राजाच्या दाढीचा केस न् केस मोजता येत होता. तरीही माझी नजर काट्यावरच्या आकड्यावरून हटेना, कारण जे ०.३५ ग्रॅम तिथे नव्हते, तेच मला त्या दुकानातील सर्वांत वाचनीय वाटत होते.

नाणी बदलून देताना वजनातील अशा तुटीपोटी सराफ जी कसर कापून घेत, तिला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागतो असे आपण म्हणतो, तेव्हा हाच व्यवहार भाषेत डोकावतो. १९०६ च्या नाणे कायद्याने तर या बट्ट्याला मर्यादाच घातली होती. मूळ वजनापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक घटलेला रुपया कायदेशीर चलन मानला जात नसे. आजीच्या रुपयाची घट तीन टक्के आहे, म्हणजे सरकारच्या लेखी तो केव्हाच बाद झाला होता. आजीच्या आईच्या चंचीत मात्र तो सुपारी, अडकित्ता आणि चुन्याची डबी यांच्या संगतीने खुशाल नांदला. "हाऊ रुपया मन्ही मायना शे," एवढे एकच वाक्य आजी त्याच्याविषयी बोलत असे.

आता या ०.३५ ग्रॅमचा हिशेब मांडू. रुपयाचा व्यास सुमारे ३०.८ मिलिमीटर, म्हणजे छापा आणि काटा या दोन्ही बाजू मिळून जेमतेम १५ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे असलेल्या या मिश्रधातूची घनता प्रतिघनसेंटिमीटर १०.३ ग्रॅमच्या आसपास असते. कडेची झीज बाजूला ठेवून ही तूट दोन्ही बाजूंवर सारखी पसरली, तर प्रत्येक बाजूवरून सरासरी २३ मायक्रोमीटर जाडीचा थर गेला, असे उत्तर येते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. केसाच्या एक तृतीयांश जाडीइतकी चांदी गेली आणि तेवढ्यात एका सम्राटाचा कान, भुवई आणि मुकुटातील रत्ने सपाट झाली!

अर्थात, झीज सारखी पसरत नाही, हीच तर गंमत आहे. घर्षणाने होणाऱ्या झिजेचा एक साधा नियम आर्चर्ड या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये मांडला. निघून जाणाऱ्या धातूचे घनफळ भाराच्या आणि घासल्या गेलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते, आणि धातू जितका कठीण तितके ते कमी असते. दोन पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी प्रत्यक्षात ते मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. नाण्यावर हे उंचवटे म्हणजे राजाचा गाल, कान, मुकुट आणि त्याच्या छातीवरच्या साखळीतील इवलासा हत्ती. (१९११ सालच्या रुपयावर हा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षीपासून तो नव्याने कोरावा लागला.) सुरुवातीला घासण्याचा सगळा भार या टोकांवर येतो, त्यामुळे बारीक नक्षी झपाट्याने जाते. टोके सपाट झाली की तेवढेच घनफळ अधिक रुंद क्षेत्रावरून निघू लागते आणि खोलीने होणारी झीज मंदावते. म्हणूनच राजाची दाढी काही वर्षांत पुसट होते, पण चेहऱ्याची बाह्यरेषा पुढे कितीतरी काळ टिकून राहते.

या घासण्यात धुळीचाही मोठा वाटा असतो. खनिजांच्या काठिण्याच्या मोहज् मापावर चांदी २.५ ते ३ या पायरीवर येते, तर गारेचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, क्रमांक ७ आहे. तापीच्या पात्रातील वाळूचा एखादा बारीक कण कमरेच्या पिशवीत शिरला की तो दोन रुपयांमध्ये कानसीसारखा काम करतो. शिवाय हवेतील आणि घामातील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सल्फाइडचा काळसर थर सतत साचत राहतो. उंचवट्यांवरचा थर बोटांनी पुसला जातो, पुन्हा बसतो, पुन्हा पुसला जातो आणि दर वेळी चांदीचे काही अणू सोबत घेऊन जातो. खोलगट भागातला काळा थर मात्र तसाच राहतो. उजळ उंचवटे आणि काळ्या खाचा, ही व्यवहारात फिरलेल्या नाण्याची खरी ओळख आहे. याउलट लक्ष्मीपूजनासाठी दरवर्षी राखेने घासलेल्या नाण्याच्या खाचाही पांढऱ्या पडतात आणि भिंगाखाली त्यावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. आमच्या घरातील दोन राणीछाप रुपये याच भक्तिभावाने कायमचे विद्रूप झाले आहेत, आणि त्यांची हळहळ मला आजही वाटते.

शुद्ध चांदी किंवा शुद्ध सोने फार मऊ असते, म्हणून नाण्यात तांबे मिसळतात, हे टाकसाळींना पूर्वापार ठाऊक होते, पण ते मोजून पाहण्याचे काम अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये झाले. हेन्री कॅव्हेंडिश आणि चार्ल्स हॅचेट यांनी नाण्यांवर नाणी घासणारे यंत्र चालवून वेगवेगळ्या मिश्रधातूंची झीज तपासली. पुढे १८६८ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष चलनात फिरणाऱ्या सोन्याच्या सॉव्हरिन नाण्यांचा अभ्यास केला आणि सुमारे १८ वर्षांत असे नाणे कायदेशीर वजनाच्या खाली उतरते, असा निष्कर्ष काढला. आपला मुद्दा मात्र याच्याही पुढचा आहे. झीज ठरावीक गतीने होत असेल, तर झिजलेले नाणे हे घड्याळ ठरते.

हे घड्याळ वाचून दाखवले ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या या विद्वानाने १९४० च्या सुमारास तक्षशिलेच्या आहत नाण्यांचे साठे हाती घेतले. या चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, फक्त ठोकून उमटवलेल्या खुणा आहेत. कोसंबींनी नाण्यांवरील चिन्हांचा अर्थ लावत बसण्याऐवजी ती वजनकाट्यावर ठेवली. त्यांचा तर्क साधा होता. एकाच वेळी पाडलेली नाणी सुरुवातीला जवळपास सारख्या वजनाची असतात. ती हातोहाती फिरू लागली की त्यांचे सरासरी वजन उतरते, आणि त्याचबरोबर त्यांच्यातील फरकही वाढत जातो, कारण एखादे नाणे रोज बाजार पाहते तर दुसरे मडक्यात पडून राहते. या नाण्यांच्या मागील बाजूस लहानलहान खुणा आहेत. त्या सराफांनी वेळोवेळी केलेल्या तपासणीच्या असाव्यात, आणि अशा खुणा जितक्या अधिक तितके वजन कमी, हा संबंध त्यांनी आकडेवारीने दाखवला. वजनावरून नाण्यांचा कालक्रम लावता येतो, ही कल्पना तोवर कोणी एवढ्या काटेकोरपणे वापरली नव्हती.

तक्षशिलेजवळच्या भीर टेकाडात १९२४ मध्ये सापडलेल्या एका साठ्यात हजाराहून अधिक आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप याचे एक नाणे होते, आणि ही तिन्ही टाकसाळीतून नुकतीच आल्यासारखी कोरी होती. साठा केव्हा पुरला गेला, ते या कोऱ्या नाण्यांनी सांगितले, कारण त्यांना झिजायला वेळच मिळाला नव्हता. परंतु पुरण्याआधीच्या पिढ्यांमध्ये पैसा कसा फिरला, हे सांगण्याची कुवत शेजारच्या झिजलेल्या नाण्यांतच होती. कोऱ्या नाण्याकडे सांगण्यासारखी एकच हकिकत असते, आणि ती टाकसाळीची असते.

या घड्याळात एक खोट आहे, आणि ती आपल्याकडच्या संग्राहकांना नेहमी चकवते. राणी व्हिक्टोरियाच्या कितीतरी रुपयांवर १८६२ हे साल आहे, पण त्या सालाचा ठसा पुढे १८७४ पर्यंत तसाच वापरला गेला. त्यामुळे "हा १८६२ चा असूनही किती कमी झिजला आहे" असे म्हणण्यापूर्वी थांबावे लागते. साल खोटे बोलू शकते, आणि अशा वेळी झीज अधिक विश्वासाची साक्षीदार ठरते. आजीच्या १९१९ च्या रुपयाला ही अडचण नाही. मात्र त्याच्या चांदीचा आधीचा प्रवास निराळाच असण्याची शक्यता आहे, कारण पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात चांदीचा तुटवडा पडल्यावर अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २५ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी इकडच्या रुपयांसाठी विकली होती.

नाणी जमवणाऱ्यांच्या जगात आज प्रतवारी १ ते ७० अशी केली जाते. ७० म्हणजे निर्दोष, आणि १ म्हणजे जेमतेम ओळखू येईल एवढे उरलेले नाणे. बहुतेकांची धाव ७० कडे असते, पण काही संग्राहक मुद्दाम १ च्या मागे असतात. साल आणि प्रकार ओळखू येतो, पण बाकी सगळे गुळगुळीत झाले आहे, अशी अवस्था एखाद्या नाण्याला फार थोडा काळ लाभते. त्याहून थोडे अधिक झिजले की ती नुसती चांदीची चकती उरते. सर्वसाधारण नाण्याच्या बाबतीत असे नाणे शोधणे कधीकधी कोरे नाणे शोधण्याइतकेच अवघड जाते.

हौसेचे आणखी एक कारण अगदी बोटांशी आहे. कोऱ्या नाण्याला हात लावता येत नाही, कारण घामातील क्षार आणि आम्ले त्यावर बोटाचा ठसा कायमचा कोरतात. झिजलेले नाणे मात्र खुशाल चाचपता येते. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की माणसाचे बोट सुमारे १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखू शकते. नजरेला सपाट दिसणारा राजाचा गाल अंगठ्याला अजून लागतो, तो यामुळेच. आणि बोटांना जे लागते त्यावर मन आणखी काही चढवते. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ च्या एका प्रयोगात साधारण सहा वर्षांच्या मुलांना हुबेहूब प्रतिकृती करणारे एक खोटे यंत्र दाखवले होते. मुळात राणी एलिझाबेथच्या मालकीची म्हणून दाखवलेली वस्तू मुलांना तिच्या तंतोतंत प्रतिकृतीपेक्षा मोलाची वाटली. वस्तूला कोणाचा हात लागला, हे तिच्या रंगरूपाइतकेच मोजले जाते, आणि ते शिकवावे लागत नाही.

सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा स्त्रियांच्या गळ्यात आजही चांदीच्या रुपयांच्या माळा दिसतात. कडी डाकलेल्या अशा नाण्याला संग्राहक सहसा नाक मुरडतात. सारंगखेड्याच्या यात्रेत एका दुकानात मी असा एक सुटा झालेला रुपया भिंगाखाली धरला होता. त्याच्या छाप्याच्या बाजूस मुकुटातील रत्ने मोजता येत होती, आणि काट्याच्या बाजूस फक्त वेलीची पुसट कड उरली होती. बाजारात फिरणारे नाणे दोन्ही अंगांनी झिजते. हे एकाच अंगाने झिजले होते, त्वचेकडच्या, आणि दुकानदाराने मला तो कमी भावात दिला.