उघड्या माळावरची सिगारेट आणि फाटकासमोरची टपरी

खान्देशातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या आवारात धूम्रपानबंदी कडक करायची म्हटलं, की चर्चा ठरलेल्या दोन जागी अडते. इमारतीबाहेर, झाडाखाली किंवा पार्किंगमध्ये ओढलेली सिगारेट कायद्यात बसते का, हा एक प्रश्न. फाटकासमोरची टपरी किती लांब असली म्हणजे चालते, हा दुसरा. वर्गात, ग्रंथालयात, कार्यालयात ओढायची नाही याबद्दल आता दुमत राहिलेलं नाही. वाद आहे तो भिंतींच्या बाहेरचा, आणि त्याची मुळं गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या कायद्यात आहेत.

त्याआधीचं थोडक्यात. तंबाखू या मुलखाला परकी, पण जुनी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरला गेलेल्या एका मुघल वकिलाने परतताना ती अकबराच्या दरबारात नेली. बुऱ्हाणपूरसकट खान्देश त्याआधी जेमतेम तीन-चार वर्षं मुघलांच्या ताब्यात आला होता. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली आणि लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. पुढे बिडी आली, तेव्हा सातपुड्यातला तेंदूपत्ता तिच्या धंद्याला जोडला गेला. ऐन उन्हाळ्यात शेतात काम नसताना पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी पुडकी बांधायची आणि संध्याकाळी ती मोजून द्यायची, हा डोंगरपायथ्याच्या अनेक कुटुंबांचा हंगाम. १९६९ च्या कायद्याने राज्य सरकारने हा व्यापार आपल्या नियंत्रणात घेतला. म्हणून तंबाखूविरोधी कायद्याची भाषा इथे नुसती आरोग्याची राहत नाही.

जळगाव-अमळनेरला महाविद्यालयं निघाली ती चाळीसच्या दशकात. तिथून पुढची पन्नासेक वर्षं सिगारेट हा शिस्तीचा विषय होता, कायद्याचा नव्हे. सर समोरून आले की विद्यार्थी सिगारेट पाठीमागे लपवायचा. सर मात्र स्टाफरूममध्ये निवांत ओढायचे. १९७५ च्या कायद्याने पाकिटावर इशारा छापायला लावला, बाकी काही केलं नाही. तेव्हाच्या विद्यार्थ्याने ‘धूम्रपान करू नये’ ही अक्षरं वाचली असतील तर अपडाऊन करताना एसटीत.

१५ ऑगस्ट १९९० ला जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं. तोवर इथली महाविद्यालयं पुण्याला जोडलेली होती. पुढे गिरणेपलीकडे बांभोरीजवळच्या टेकड्यांवर, महामार्गाला लागून, शेकडो एकरांचं आवार उभं राहिलं. ही भूगोलाची गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. बाजारपेठेत भिंतीला भिंत लावून उभं असलेलं कॉलेज आणि माळावर पसरलेलं विद्यापीठ यांना एकच कायदा लावताना जी ओढाताण होते, ती सगळी या भूगोलातून येते.

कायदा आला तो कोर्टाच्या दारातून. १९९९ च्या जुलैमध्ये केरळच्या उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बेकायदा ठरवलं. मग मुंबईतल्या एका राजकीय नेत्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला आदेश दिला. त्याच्या यादीत सभागृहं, रुग्णालयं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कार्यालयं, रेल्वेसह सार्वजनिक वाहनं आणि शैक्षणिक संस्था होत्या. आवारातल्या बंदीची खरी सुरुवात इथून धरावी. संसदेचा कायदा २००३ मध्ये झाला आणि १ मे २००४ पासून लागू झाला. सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांच्या या कायद्याला आपल्याकडे सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कोटपा’ म्हणतात. त्याच्या दोन कलमांशी आपल्याला काम आहे. कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करतं. कलम ६ अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत कुणालाही विकायला मनाई करतं.

आता मोकळ्या जागेचं त्रांगडं. कायद्याने ‘सार्वजनिक ठिकाण’ कशाला म्हणायचं हे सांगताना शैक्षणिक संस्थांचं नाव स्पष्ट घेतलं आहे. पण त्याच वाक्याच्या शेवटी एक शेपूट जोडलं आहे: मोकळी जागा यात धरायची नाही. या शेपटाने बरीच वर्षं खाल्ली. ओढणाऱ्यांचा युक्तिवाद सोपा होता: वर्गात ओढत नाही, उघड्यावर ओढतोय, मग तुझं काय जातं भो? सुरक्षारक्षकाकडे याला उत्तर नसायचं, कारण त्याच्या वरिष्ठांकडेही नसायचं.

एका वाचनाप्रमाणे संस्था म्हणजे तिचं अख्खं आवार. मैदान, वाहनतळ, इमारतींमधले रस्ते, सगळं तिच्यात आलं. संस्थेचं नाव यादीत असताना तिचा अर्धा भाग शेपटाने बाहेर कसा काढता येईल? दुसऱ्या वाचनाप्रमाणे शेपूट संपूर्ण यादीला लागू आहे, म्हणजे छप्पर असेल तिथेच बंदी. कायद्याची गरज दुसऱ्याच्या धुरापासून वाचवण्याची, आणि उघड्यावर धूर विरतो, असं त्यामागचं तर्कशास्त्र.

मग ३० मे २००८ ला नवे नियम आले आणि २ ऑक्टोबरपासून लागू झाले. हॉटेल व्यवसाय आणि सिगारेट उद्योग कोर्टात गेले होते, पण स्थगिती मिळाली नाही. या नियमांनी मोकळ्या जागेला कात्री लावली: लोकांची ये-जा असलेली खुली सभागृहं, स्टेडियम, रेल्वे स्थानकं, बसथांबे ‘आणि अशी इतर ठिकाणं’ मोकळी जागा म्हणून सुटणार नाहीत. विद्यापीठाच्या आवाराचं नाव त्यात नाही. पण रोज हजारो मुलं ज्या रस्त्यावरून जातात तो रस्ता ‘अशी इतर ठिकाणं’ यात बसत नसेल, तर मग काय बसतं? माझ्या मते हा प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण मूळ कायद्याने दिलेली सूट खालच्या नियमाने काढून घेता येते का, असा नवा फाटा वकील मंडळींनी फोडला.

याच फाट्यावरून ‘स्मोकिंग झोन’ची कल्पना आली. आवाराच्या एका कोपऱ्यात शेड टाकावी, ओढणाऱ्यांनी तिथे जावं, बाकी आवार स्वच्छ. ऐकायला समंजस वाटतं. पण कायद्याने अशी वेगळी जागा तिघांनाच दिली आहे: तीस किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं, तीस किंवा जास्त लोक बसतील अशी उपाहारगृहं आणि विमानतळ. शिक्षणसंस्था त्या यादीत नाही. मोकळ्या जागेत मुळात मुभा आहे असं मानलं तर झोनची गरज नाही, आणि नाही असं मानलं तर झोन बेकायदा. दोन्हीकडून शेड पडतेच. तरी ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते, आणि ती विद्यार्थ्यांपेक्षा कर्मचाऱ्यांकडून जास्त येते, हेही सांगून टाकावं.

या वादात एक साधी गोष्ट झाकली गेली. आवार संस्थेच्या ताब्यात आहे. कोटपाचा कीस न पाडता संस्था स्वतःच्या शिस्तीच्या नियमाने संपूर्ण आवारात बंदी घालू शकते, आणि बहुतेकांनी शेवटी तेच केलं. अडचण पुढे येते. शिस्तीच्या नियमाने विद्यार्थ्याला नोटीस देता येते, पालकांना बोलावता येतं, कर्मचाऱ्याची चौकशी लावता येते. पण कोटपातला दोनशे रुपयांचा दंड त्या नियमाखाली फाडता येत नाही. आणि आवारात आलेला ठेकेदाराचा माणूस, रिक्षावाला, परीक्षेला मुलीला सोडायला आलेले काका यांना विद्यार्थ्यांची शिस्त लागूच होत नाही. फलकावर मात्र दोन्ही बंद्या एकाच वाक्यात असतात, त्यामुळे कुणावर कोणती कारवाई करायची हे फलक वाचून कळत नाही.

उघड्यावर धूर विरतो, या मुद्द्याला खान्देशात आणखी एक उत्तर आहे. होळीनंतर टेकड्यांवरचं गवत वाळून कुरकुरीत होतं, मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो. त्या गवतात पडलेल्या जळत्या थोटकाला कायद्याची व्याख्या विचारायची गरज नसते. बंदीची बाजू मांडणाऱ्यांनी हा मुद्दा पुरेसा लावून धरला नाही, याचं नवल वाटतं.

२००८ च्या नियमांनी संस्थाप्रमुखावरही जबाबदारी टाकली. ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावायचा, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव त्यावर लिहायचं, ॲशट्रे किंवा काडेपेटी पुरवायची नाही. तक्रार येऊनही काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्या जबाबदार माणसालाच. फलक सगळीकडे लागले. नावाची ओळ पुष्कळ ठिकाणी कोरी राहिली, किंवा निवृत्त माणसाचं नाव तसंच राहिलं.

टपरीचा प्रश्न जास्त सरळ, पण जास्त कडू. शंभर यार्ड म्हणजे ९१ मीटर, साधारण तीनशे फूट. ते मोजायचं कुठून? नियम सांगतो की संस्थेच्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सगळ्या दिशांना, वर्तुळाच्या त्रिज्येसारखं सरळ. रस्त्याने चालत जाऊन नाही. टपरीवाले हमखास चालत मोजतात: फाटकातून निघून, दुभाजकाला वळसा घालून. शहरातल्या कॉलेजात सरळ त्रिज्या लावली तर समोरची अर्धी गल्ली त्यात येते, मागच्या बाजूचं किराणा दुकानही येतं. धुळ्या-जळगावच्या जुन्या पेठांत तर एका शाळेचं वर्तुळ दुसरीच्या वर्तुळावर चढतं. वेगळ्या प्लॉटवरचं वसतिगृह ‘शैक्षणिक संस्था’ आहे का, हाही वाद आहेच, कारण नियमातली व्याख्या शिकवण्याच्या जागेची आहे, राहण्याच्या नाही. २०१० च्या जानेवारीत संस्थेबाहेर फलक लावण्याचे वेगळे नियम आले, आणि २०१९ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळी रेषा मारायला सांगितलं. डांबरावरची रेषा दोन पावसाळ्यांत पुसते.

टपरी हटवणार कोण, याचंही एक उत्तर नाही. परवाना पालिकेचा, जमीन कधी पालिकेची तर कधी महामार्गाची, कारवाईचे अधिकार पोलिसांसह तीन-चार खात्यांत वाटलेले. कारवाई झाली की टपरी चार दिवस चहा-बिस्किटांची होते. सिगारेटचं पाकीट बाकड्याखाली जातं. खांबाला बांधलेला धुमसता काथ्या मात्र जागचा हलत नाही, आणि तो कशासाठी आहे हे साऱ्यांना ठाऊक असतं. टपरीवाल्याची बाजूही आहे: कॉलेज वाढत रस्त्यापर्यंत आलं, मी आधीपासून इथेच आहे. यातलं काही खरं आहे, पण कायद्याने आधी-नंतरचा फरक केलेला नाही.

एवढा कीस पाडूनही विषयाचा मोठा भाग हातातून निसटतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करत होते. धूरविरहित तंबाखू, म्हणजे मळलेली, चघळलेली, मिश्रीतली, वापरणारे होते २४.४ टक्के. कलम ४ फक्त धुराबद्दल बोलतं. जिन्याच्या कोपऱ्यातले लाल फवारे त्याच्या कक्षेत येत नाहीत. राज्याने गुटखा आधी २००२ मध्ये बंद केला, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली. आवारातल्या मोहिमा मात्र सिगारेटच्या चित्रावर आडवी रेघ मारूनच चालतात. चुन्याच्या डबीवर रेघ मारलेला फलक माझ्या पाहण्यात नाही.

वयाची भानगड महाराष्ट्रात आणखी वेगळी. आपल्याकडे अकरावी-बारावी अनेकदा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरते. म्हणजे एकाच टपरीवर उभी असलेली दोन मुलं, एक सतरा वर्षांचा आणि एक एकोणीसचा. सतरा वर्षांच्या मुलाला तंबाखू देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे. शेजारच्याला शंभर यार्डांच्या आत विकलं तर दंड दोनशेपर्यंत.

अलीकडे नियमांची गर्दी झाली. २०१९ मध्ये ई-सिगारेटवर देशभर बंदी आली. करोनाच्या साथीत राज्याने सार्वजनिक ठिकाणी थुंकण्यावर आणि ओढण्यावर वाढीव दंड लावला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट-बिडी विकायला मनाई केली. ती मनाई पाळणारी टपरी शोधावी लागेल. २०२१ च्या सुरुवातीला केंद्राने कोटपा बदलण्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात दंड दोनशेवरून दोन हजार, खरेदीचं वय अठरावरून एकवीस, आणि हॉटेल-विमानतळांवरचे धूम्रपान कक्षही बंद, अशा तरतुदी होत्या. एकवीसची अट आली असती तर पदवीच्या वर्गातली बहुतेक मुलं ग्राहक म्हणूनच बाद झाली असती आणि शंभर यार्डांचा बराचसा वाद आपोआप थंडावला असता. बिडी कामगार आणि पानविक्रेत्यांकडून विरोध झाला. मसुदा पुढे सरकला नाही.